हार्ट अटॅकनंतरचा घाम : रिपोर्ट नॉर्मल, मग बनियन ओला का?

प्रश्न थोडक्यात असा : बाबांचं वय ६१. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आता छातीत दुखत नाही, दमही लागत नाही, पण घाम विलक्षण येतो. पंख्याखाली बसूनही सकाळी अकरा-साडेअकराला शर्ट पिळावा लागतो, आणि कधी कधी पहाटे तीनला उशी ओली होते. ईसीजी, टूडी इको नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. बाबा मात्र दर वेळी हबकतात, कारण अटॅकच्या दिवशीही आधी घामच फुटला होता. गोळ्या : ॲस्पिरिन, टिकाग्रेलोर, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल, रॅमिप्रिल, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, आणि रात्री एस्सिटॅलोप्राम. काय करावं? शिवाय त्यांना यंदा वारीत चालायचंय. पाठवू का?

ताई, रिपोर्ट नॉर्मल आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण मला एक सांगा, ईसीजी काढला तेव्हा बाबांना घाम येत होता का? बहुधा नसणार. सकाळी नाश्ता करून आले असतील, एसीत अर्धा तास बसले असतील, अंग पुसून मग पट्ट्या लावल्या असतील. ईसीजी काढणाऱ्याला ओलं अंग नकोच असतं, पट्ट्या चिकटत नाहीत आणि रेघ वरखाली हलत राहते. म्हणजे कोरड्या अंगाचा रिपोर्ट नॉर्मल आला. घाम येत होता त्या दहा मिनिटांत आत काय चाललं होतं, ते कुणी पाहिलेलंच नाही. ‘कारण सापडत नाही’ असं म्हणून माझ्याकडे आलेल्या घामाच्या पेशंटांत निम्म्याहून अधिक वेळा एवढंच निघतं : कारण होतं, पण त्या क्षणी कुणी मोजलं नव्हतं.

आधी तातडीचं सांगून मोकळा होतो. घामाबरोबर छातीत दाब किंवा जळजळ, जबड्यात, पाठीत वा हातात दुखणं, दम लागणं, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत फडफड यांतलं काहीही असेल, तर वही, ग्लुकोमीटर, माझं उत्तर सगळं बाजूला ठेवा. बाबांना बसवा. त्यांच्या डॉक्टरांनी जिभेखालची सॉर्बिट्रेट लिहून दिलेली असेल तर एक गोळी द्या. पाच मिनिटांत पूर्ण आराम पडला नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, आणि ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजत बसायचं नाही. ही गोळी उभ्याने घ्यायची नाही. बीपी आधीच शंभराच्या खाली असेल किंवा गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतलेली असेल तर ती घ्यायचीच नाही, बीपी धाडकन कोसळतं. हा शेवटचा प्रश्न घरच्यांसमोर विचारला की खरं उत्तर मिळत नाही, म्हणून तुम्ही बाबांना हेच वाचायला द्या. आणि मधुमेह्यांत एक जास्तीची खबरदारी : वर्षानुवर्षांच्या साखरेने मज्जातंतू बोथट झालेले असतात, त्यामुळे दुखल्याशिवायही अटॅक येऊ शकतो. गार, चिकट घाम, चेहरा पांढराफटक आणि ‘कसंतरीच होतंय’ एवढंच असेल, साखर ठीक असेल आणि दहा-पंधरा मिनिटांत सावरलं नाही, तर ईसीजी काढायला जायचंच. दहा वेळा फुकट खेप झाली तरी चालेल.

आता तुमच्या बाबांचं. तुमच्या प्रश्नातल्या ‘अकरा-साडेअकरा’ या वेळेपाशी मी थांबलो, कारण मला एक निवृत्त एसटी कंडक्टर आठवले. त्यांनाही असाच स्टेंट, अशाच गोळ्या. त्यांच्या पत्नी प्लास्टिकच्या पिशवीतून तीन ओले बनियन पुरावा म्हणून घेऊन आल्या होत्या. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, सगळं नॉर्मल. मी त्यांना म्हटलं, आज घरी जाऊ नका, ड्रेसिंगच्या खोलीत बसा, घाम आला की हाक मारा. अकरा चाळीसला सिस्टरने बोलावलं. वरच्या ओठावर थेंब, मग कानामागून ओघळ, दोन मिनिटांत कॉलर भिजलेली. नाडी ६८. बीपी १२४/७६. हात पुढे करायला लावले, थरथर नाही. “कसं वाटतंय?” तर म्हणाले, “काही नाही, जरा सुस्ती आलीय.” बोटाला टोचून साखर पाहिली : ५२.

ग्लुकोज दिलं, वीस मिनिटांत गडी कोरडा.

मग बाईंना दिवसाचा क्रम विचारला. अटॅकच्या आधी सकाळी दोन चपात्या-भाजी, दहाला चहाबरोबर बिस्किटं, एकला जेवण. अटॅकनंतर? सकाळी साडेसातला वाटीभर ओट्स, मग पाऊण तास चालणं, मग एकदम एकला अर्धी भाकरी आणि उकडलेली भाजी. वजन सात किलोंनी उतरलेलं. सगळं कौतुकास्पद. फक्त मधुमेहाची गोळी मात्र तीच, तेवढ्याच मिलिग्रॅमची, दोन चपात्या आणि बिस्किटं खाणाऱ्या माणसासाठी लिहिलेली. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय पाहिलं, साखरेची गोळी ‘चालू ठेवा’ म्हणाले, आणि साखरेच्या डॉक्टरांकडे अटॅकनंतर कुणी गेलंच नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की अटॅकनंतर माणूस सुधारला की त्याची जुनी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन मला आधी संशयित वाटते. मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं असेल तर ही गोळी शरीरात रेंगाळते, म्हणजे आणखी भर. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर इतकी खाली आणत नाही.

पण साखर ५२ असताना त्यांची छाती का धडधडली नाही, हात का थरथरले नाहीत? इथे मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर गटाची गोळी येते. साखर उतरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, त्यानेच धडधड आणि थरथर होते. बीटा ब्लॉकर गटाच्या गोळ्या नेमकं हेच ॲड्रेनलिन अडवतात, त्यासाठीच तर हृदयाला देतात. मात्र घामाच्या ग्रंथींना जाणारी नस वेगळी आहे. तीही धोक्याच्या वेळी आपोआप जागी होणाऱ्या सिंपथेटिक यंत्रणेचीच, पण तिचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्याच रसायनातून जातो, आणि त्याला बीटा ब्लॉकर हात लावत नाही. परिणामी साखर कमी झाल्याच्या इशाऱ्यांपैकी बाकीचे बरेचसे झाकले जातात आणि घाम तेवढा उरतो. मधुमेह आणि बीटा ब्लॉकर एकत्र असलेल्या माणसाचा अवेळी घाम साखर मोजेपर्यंत कमी साखरेचाच समजायचा, असा माझ्या दवाखान्यातला नियम आहे.

म्हणून आजच्या आज ग्लुकोमीटर बाबांच्या उशाशी आणून ठेवा. घाम फुटला की आधी बोट कोरडं पुसा (घामाने थेंब पातळ होतो आणि आकडा चुकतो), मग मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर पुन्हा द्या. वर आली की भाकरी-दूध असं काहीतरी खायला घाला, नाहीतर तासाभरात परत उतरते. बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज नाही, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो : त्या चालू असतील तर घरातली साखर, गूळ, पेढा वेळेवर कामाला येत नाही, कारण या गोळ्या साखर फोडण्याचं कामच मंदावतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर त्याच दिवशी पुन्हा उतरू शकते, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच फोन करा आणि डोस कमी करून घ्या. मनाने अर्धी गोळी करू नका. माणूस बेशुद्ध किंवा अर्धवट गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८.

पहाटे तीनलाही एकदा मोजा, घाम असो वा नसो. दोन-तीन रात्री गजर लावून उठावं लागेल.

आणि समजा, साखर १४० निघाली. मग काय? मग माझा अंदाज चुकला, आणि तेही उपयोगाचंच. त्यासाठी एक साधी वही काढा. तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता घेतली, साखर, बीपी, नाडी, ताप. शेवटचा रकाना हाताने भरायचा : बाबांच्या कपाळाला आणि मनगटाला हात लावून घाम गार होता की गरम, ते लिहा. गार आणि चिकट घाम, त्वचा फिकी, म्हणजे शरीराने धोक्याची घंटा वाजवलेली आहे : साखर, बीपी, हृदय, रक्तस्राव, कधी नुसती भीती. गरम घाम, चेहरा लाल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणं चालू आहे : ताप, थायरॉइड, हवा, औषध, बायकांत पाळी जातानाच्या गरम लाटा. हे काही पाठ्यपुस्तकातलं पक्कं विभाजन नव्हे, पण दहा दिवसांची अशी वही समोर आली की मला चार तपासण्या कमी लिहाव्या लागतात.

बीपी बसून मोजलेलं पुरत नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर घामाचं आणि चक्करेचं कारण तिथे सापडू शकतं. उन्हाळ्यात हे हमखास होतं. अटॅकनंतर मीठ कमी केलेलं, बीपी उतरवणारी रॅमिप्रिल चालू, काहींना लघवी वाढवणारी गोळी किंवा लघवीतून साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिन, वर मे महिन्याचा घाम. शरीरातलं पाणी आटतं, बीपी पडतं, आणि ते सावरण्याच्या धडपडीत आणखी घाम फुटतो.

गोळ्यांत एक संशयित अजून आहे, रात्रीची एस्सिटॅलोप्राम. मन शांत करणाऱ्या या गटातल्या गोळ्यांनी साधारण दहातल्या एखाद्याला घाम वाढतो, बऱ्याचदा रात्री. ती सुरू झाल्याची तारीख आणि उशी ओली व्हायला लागल्याची तारीख जुळते का, पाहा. जुळली तर लिहून देणाऱ्याशी बोला, डोस कमी होतो किंवा गोळी बदलता येते. एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी आणि गंमत म्हणजे पुन्हा घाम. गुडघेदुखीसाठी कुणी ट्रॅमाडॉल दिली असेल तर तीही घाम आणते. मेटोप्रोलोल मात्र इंटरनेटवर काही वाचून कधीच अचानक थांबवू नका, हृदय उसळतं. आणि रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिन-टिकाग्रेलोर तर अजिबात नाही. स्टेंट नवा असताना या दोन गोळ्या मधेच सोडणं म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होण्याला आमंत्रण.

याच दोन गोळ्यांमुळे एक प्रश्न विचारावा लागतो, जरा ओशाळवाणा असला तरी : शौचाचा रंग कसा आहे? डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच आणि गार घाम, थकवा, नाडी जलद, तर पोटात रक्तस्राव होतोय असं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळीने हा धोका थोडा वाढतो. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते.

सावकाश शिजणारी कारणं मी भरभर सांगतो. महिनाभर रोज रात्री अंथरूण भिजतंय, संध्याकाळी बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतंय, तर आपल्याकडे पहिला विचार टीबीचा. खोकला नसला तरी छातीचा एक्स-रे काढा. वजन ‘पथ्यामुळे’ उतरलं असं म्हणून या गोष्टीवर पांघरूण पडतं. थायरॉइडची टीएसएच ही तपासणी प्रत्येकाची करा, विशेषतः ठोके अनियमित म्हणून ॲमिओडॅरोन दिली असेल तर. त्या गोळीत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आयोडीन असतं आणि ते थायरॉइडला कुठल्याही बाजूला ढकलू शकतं. अटॅकनंतर काही आठवड्यांनी ताप, घाम आणि आडवं पडलं किंवा खोल श्वास घेतला की छातीत टोचणं, पुढे वाकून बसलं की बरं, ही हृदयाच्या वेष्टनाची सूज असू शकते. १९५६ मध्ये विल्यम ड्रेसलर यांनी तिचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव तिला आहे. जिन्यावर घाम, उशा वाढवाव्या लागणं, पायावर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, हे हृदयाचा पंप कमी पडत असल्याचं लक्षण. गडगडाटी घोरणं आणि घोरताना मधेच श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करा. आणि जेवायला बसल्याबरोबर फक्त डोकं, चेहरा, मान घामाने निथळत असेल, ताटात तिखट नसताना, तर ती मधुमेहाने बिघडलेल्या नसांची करामत. दिसायला भयंकर, पण हृदयाचा संबंध नाही.

हे सगळं तपासून काहीच हाती लागलं नाही, असेही लोक असतात. त्यांच्यात बहुतेकदा घाम आठवड्यांनी, महिन्यांनी उतरत जातो. पण तोवर भीतीचं काय? अटॅकच्या दिवशी शरीराने घामाची आणि मरणाची गाठ मारून ठेवलेली असते. आता उन्हाने थेंब आला तरी मन म्हणतं, ‘आलं पुन्हा.’ मग त्या भीतीनेच आणखी घाम. “घाबरू नका” हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. मीही ते वर्षानुवर्षं वापरून पाहिलंय. त्यापेक्षा हाताला काम द्या. घाम आला की बाबांनी खुर्चीत बसायचं, स्वतः साखर मोजायची, स्वतः बीपीचा पट्टा बांधायचा, वहीत लिहायचं. पाच-सहा वेळा ‘साखर १२८, बीपी १३०/८०, दहा मिनिटांत गेला’ असं स्वतःच्या अक्षरात दिसलं की फरक पडतो. त्या कंडक्टरांनी तर वहीला तिकिटासारखे अनुक्रमांक घातले होते. तुम्ही आजूबाजूला गर्दी करून टॉवेल, पंखा, लिंबूपाणी घेऊन धावू नका. घरच्यांचे चेहरे बघून नाडी वाढते.

खुद्द घामासाठी : पातळ सुती बनियन, जास्तीचा एक पिशवीत. घाम आल्यावर लगेच गार पाण्याने अंघोळ नको, आधी पुसा. दिवसाला पाणी किती हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पंप अशक्त असेल तर मर्यादा असते. पातळ ताक, आमसुलाचं बिनसाखरेचं सार उत्तम, मीठ चवीपुरतं. शेजारीण ‘उष्णता झालीय’ म्हणून गुलकंद आणून देईल, तो गोड असतो हे लक्षात ठेवा. शहाळ्याबद्दल मात्र जपून. रॅमिप्रिलने शरीरात पोटॅशियम साठतं, शहाळ्यात ते भरपूर, आणि ‘हार्टवाल्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय रोज शहाळं नको. काखेतल्या घामाला तुरटी फिरवली तर हरकत नाही. त्याहून कडक ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन मिळतं, ते रात्री पूर्ण कोरड्या त्वचेला लावतात. घाम थांबवणाऱ्या पोटात घ्यायच्या गोळ्या, ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन, हृदयाचे ठोके वाढवू शकतात, म्हणून अटॅकनंतर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्वचेच्या डॉक्टरांनी दिल्या तरी सुरू करू नका. हातापायाच्या घामासाठी पाण्यातून वीज सोडायचं मशीन पेसमेकर असलेल्यांना वर्ज्य.

वारीचं. मी लोणंदला वारकऱ्यांच्या दवाखान्यात बरेच आषाढ बसलोय, त्यामुळे ‘नको’ असं एका शब्दात सांगणार नाही, सांगून कुणी ऐकतही नाही. आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी यंदा नाही. दिवे घाटाचा लांबचा टप्पा तर नाहीच. ट्रेडमिलची तपासणी चांगली आली, साखर दोन आठवडे ७० च्या वर राहिली, डोस नव्याने ठरला आणि हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर लोणंद ते तरडगाव हा छोटा टप्पा चालू द्या. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आहे, ते बघून होईल. सोबत कुणीतरी हवंच, खिशात ग्लुकोज, गळ्यात गोळ्यांची चिठ्ठी, दर दोन तासांनी खाणं. आणि एकादशीच्या उपासाला साबुदाणा खा की भगर खा, सकाळच्या ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. माझ्याकडे दर आषाढी एकादशीला दुपारी बाराच्या सुमारास कुणी ना कुणी घामाने निथळत येतंच, आणि सोबतचे लोक हमखास म्हणतात, “डॉक्टर, ऊन लागलं.” बोट पुसून मोजलं की बहुतेकदा आकडा साठच्या आतबाहेर असतो.